रद्द, रद्दी आणि रिस्टोर

प्रश्न असा आलाय की डेल्टा टेबल (डेटाचं असं टेबल, ज्यात प्रत्येक बदलाला नवा व्हर्जन क्रमांक मिळतो) जुन्या व्हर्जनला रिस्टोर केलं, म्हणजे मागच्या रूपात आणलं, तर मराठीत 'मधले बदल रद्द केले' म्हणायचं, 'टेबल पूर्ववत केलं' म्हणायचं, की सरळ 'रोलबॅक मारला'?

आधी एक विनंती, 'पूर्ववत स्थितीत परत आणलं' असं कृपया कोणी म्हणू नका, मीटिंगमध्ये रोज ऐकून डोकं उठतं. पूर्ववत म्हणजे आधीसारखं, त्यात स्थितीही आली आणि परतही आलं. आणि सारखं म्हणजे सारखं, 'तेच' नव्हे! समजा टेबल १५ व्या व्हर्जनला आहे आणि तुम्ही १२ ला रिस्टोर केलंत, तर १३, १४, १५ पुसले जात नाहीत, वर १६ वं तयार होतं ज्यातला डेटा १२ सारखा असतो. म्हणजे पूर्ववत चपखल बसतो. झालं उत्तर.

पण खरी मजा रद्दमध्ये आहे. एका भाषांतरकार गृहस्थांनी मला ठणकावलं की रद्द म्हणजे नष्ट, इथे चालणारच नाही, शिवाय शब्द परका, तेव्हा 'निरस्त' वापरा. निरस्त! 'आई, तिकीट निरस्त केलं' असं घरी बोलून बघा एकदा. आणि रद्द म्हणजे नष्ट हे तर साफच चूक. अरबीत रद्द म्हणजे माघारी फिरवणं, परत करणं. उर्दूत प्रतिक्रियेला रद्दे-अमल म्हणतात ते त्यामुळेच, कृती उलटून परत आली म्हणून. आपली रदबदलीही त्याच घरातली, कुणासाठी तरी इकडून तिकडे शब्द फिरवत बसायचं. पोकळ, निरर्थक हा अर्थ बातलमधला, मूळ बातिल, आणि माझं तर मत आहे की एकट्या रद्दने काम पुरतं होत नाही म्हणूनच कोर्टकचेरीत 'रद्दबातल' अशी जोडी लागली. कुणाला पटो न पटो.

आता रद्दी बघा, तीही रद्दचीच लेक. नको म्हणून बाजूला टाकलेली, पण घरातच असते की! माळ्यावर गठ्ठा पडलेला असतो, गेल्या मंगळवारचा पेपर हवा असेल तर उपसून काढता येतो, रद्दीवाला येऊन जाईपर्यंत. डेल्टामधला रद्दीवाला म्हणजे व्हॅक्यूम, जुन्या फाइली साफ करणारी कमांड. टेबलाला आता न लागणाऱ्या फाइली तो डिफॉल्टने ७ दिवस सोडतो, त्याहून जुन्या झाल्या की पुढच्या फेरीला उचलून नेतो, आणि मग त्या फाइलींवर उभ्या असलेल्या व्हर्जनला रिस्टोर होत नाही. लोक मग हिस्ट्री उघडून दाखवतात, 'अहो व्हर्जन तर दिसतंय ना!' दिसणारच, लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, डिफॉल्टने ३० दिवस राहतो. पेपरवाल्याच्या वहीत मंगळवारचा पेपर टाकल्याची खूण असतेच की, पेपर मात्र केव्हाच वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेला असतो.