सुचत नाही म्हणता, पण शाई किती संपली?

ह्या वेळी पत्रं लई आलीत आणि निम्म्याच्या वर पत्रांत एकच रडगाणं, सुचायलं नाही. सगळ्यांना उत्तरं देत बसले तर अंक भरेल, म्हणून तीनच घेतलीत.

प्रश्न : ताई, मी औशाजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. आधी महिन्याला दोन-तीन कविता व्हायच्या, आता आठ महिने झाले एक ओळ नाही. मित्र म्हणतो कोकणात जाऊन ये चार दिवस, इथं काय आहे, ऊन अन् सोयाबीन. जाऊ का?

उत्तर : जा की सर, मासे खा, समुद्र बघा, पण कवितेसाठी म्हणून चालला असाल तर तिकिटाचे पैसे वाचवा. त्यापेक्षा अंबाजोगाईला जा, जवळच आहे. तिथल्या संतकवी दासोपंतांची पासोडी ऐकली असेल, साधारण 40 फूट लांब कापड आणि त्यावर अख्खं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं वेदान्तातलं विवेचन, लिहून काढलेलं, आकृत्यांसकट. कागदावरचं लिखाण तर वेगळंच. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागायची असं म्हणतात. खरं-खोटं कोणी बघितलं, पण मला ह्यात मजा वाटते ती ही की लोकांनी त्यांना सुचलं किती हे नाही मोजलं, शाई किती गेली हे मोजलं. तुमची आठ महिन्यांत किती गेली?

आणि नोकरीमुळं होत नाही असं पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ते मी वाचलं बरं का. बी. रघुनाथ परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करत होते, जन्मले 1913 ला, गेले 1953 ला, उणंपुरं 40 वर्षांचं आयुष्य, त्यात कविता, कथा, कादंबऱ्या. त्यांना कुठं कोकणात जायला सुट्टी मिळाली असेल.

पण तुमची अडचण मला वेगळीच वाटायलीय. सोबत ज्या जुन्या कविता पाठवल्यात त्यात चार दुष्काळावरच्या आहेत आणि चारीत भेगाळलेली जमीन आहे आणि आभाळाकडं बघणारा बाप आहे. सर, तो बाप आता थकला हो, अख्ख्या मराठवाड्यातल्या कवींनी त्याला उन्हात उभं केलंय. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा जो तो त्या रेल्वेवर लिहीत होता, मी पण लिहिली एक, भिकार होती. त्याच उन्हाळ्यात माझी मावशी दारात पाहुणा दिसला की आधी पाण्याच्या ड्रमाचं झाकण उचलून आत बघायची आणि मग म्हणायची, "या, बसा." हे मी रोज बघत होते आणि हे लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, कळायला तीन वर्षं गेली. तुमच्या घरी अशी झाकणं असतीलच. रोज रात्री पंधरा मिनिटं बसा, दिवसभरात बघितलेली एक गोष्ट लिहा, कविता करायला जाऊ नका, नुसतं काय झालं ते. महिनाभर भंगारच निघेल, निघू द्या, बोअरची मोटार सुरू केली की आधी गढूळच येतं.

प्रश्न : मी बीडची, बारावीत आहे. पिंटरेस्टवर बघून चित्रं काढते, छान जमतात, पण दादा म्हणतो ही तर कॉपी आहे. मला स्वतःचं काही सुचतच नाही.

उत्तर : दादाला सांग, कॉपी करणं काही पाप नाही. रॉबर्ट गिल नावाचा एक फौजी अधिकारी 1844 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसला होता. त्या लंडनला पाठवल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या, तर त्यानं परत नव्यानं सुरुवात केली. पुढं 1872 ला मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले, ते काम 1885 पर्यंत चाललं. नकलाच होत्या त्या. पण ती पोरं भिंतीसमोर उभी राहून, अंधारात डोळे ताणून काढत होती, कुठं रंग उडालाय तिथं काय असेल ह्याचा विचार करत. तुझ्या फोनमध्ये कोणीतरी तो सगळा विचार आधीच करून ठेवलाय, म्हणून तुझा हात तयार व्हायलाय पण डोळा नाही.

तेव्हा बघून काढ, कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव लिही, आणि दोन चित्रं बघून झाली की तिसरं फोन पालथा ठेवून. कंकालेश्वराला जाऊन बस एखाद्या संध्याकाळी. पाण्यातलं देऊळ, पाणी हललं की खालचं देऊळ मोडतं आणि परत जुळतं, ते काढून बघ कसं जमतंय.

अन् फक्त गावातलंच काढ असं मी म्हणत नाहीये हं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, काजळी, चुना असलं साधंच वापरलं, पण निळा पाहिजे होता तर लाजवर्द नावाचा निळा दगड पार अफगाणिस्तानकडचा आणवला. तुझं पिंटरेस्ट म्हणजे तो निळा समज, सगळी भिंत निळी नको करू.

प्रश्न : शेजारच्या काकूंच्या आयुष्यावर कथा लिहिली, नाव बदललं होतं, दिवाळी अंकात आली. आता त्या बोलत नाहीत. प्रेरणा घेतली तर चुकलं काय? (हिंगोली)

उत्तर : नाव बदललं पण नाकातली मोरणी आणि पांगळी शेळी तशीच ठेवलीत, गल्लीनं ओळखायला अजून काय पाहिजे. माझ्या मामानं असल्याच एका कथेपायी माझ्याशी दोन दिवाळ्या अबोला धरला होता, आणि बरोबर होतं त्याचं. छापायच्या आधी वाचून दाखवायला पाहिजे होतं, मीही आणि तुम्हीही. आता अंक घेऊन स्वतः जा, चहा पीत बसा, त्या शिव्या देतील त्या ऐका. शिव्या फार रसाळ असल्या तरी घरी येऊन लगेच वहीत उतरवू नका म्हणजे झालं.