सीरियल किलर फ्रेड वेस्टचं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमधलं घर अजून उभं आहे का?
नाही. २५, क्रॉमवेल स्ट्रीट हे घर ग्लॉस्टरच्या नगर परिषदेने ऑक्टोबर १९९६मध्ये शेजारच्या घरासकट पाडलं. आता तिथे रस्त्याला जोडणारी साधी पायवाट आहे. १९९४च्या खोदकामात तळघर आणि बागेतून नऊ जणींचे अवशेष निघाले होते, त्यामुळे घर ठेवणं शक्यच नव्हतं. विटासुद्धा भुगा करून टाकल्या आणि लाकूड जाळलं, कारण लोक आठवण म्हणून तुकडे पळवतील ही भीती होती (आणि ती अगदीच अनाठायी नव्हती). मात्र पाडलं ते एवढंच. वेस्ट दांपत्य (फ्रेड आणि त्याची बायको रोझमेरी) आधी राहायचं त्या मिडलँड रोडवरच्या घरातही एका मुलीचे अवशेष सापडले होते. पायवाट सार्वजनिक आहे, पण आजूबाजूला लोक राहतात. फोटो काढताना तेवढं भान ठेवा.