वाचकांचे प्रश्न : जुनं सॉफ्टवेअर, नवा स्क्रीन

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न यंत्रांवरच्या सॉफ्टवेअरचे आहेत. वर्षानुवर्षं चालणारा प्रोग्रॅम नव्या संगणकावर किंवा टच पॅनेलवर न्यायचा, आणि ऑपरेटरला नीट वापरता येईल असा इंटरफेस त्याला द्यायचा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ग्राहकाच्या टेस्टिंग मशीनवर व्हिज्युअल बेसिक ६ मधला प्रोग्रॅम आहे. संगणक कधी बंद पडेल सांगता येत नाही. 'आहे तसाच नव्या भाषेत करून द्या' अशी मागणी आहे. सोर्स कोड मिळालाय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कोड उघडण्याआधी जुन्या डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्या आणि ती दुसऱ्या डिस्कवर टाकून चालते का ते पाहा. संगणक बंद पडण्याची भीती आणि प्रोग्रॅम जुना होणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि पहिली तातडीची आहे. व्हीबी ६ चे ३२ बिट प्रोग्रॅम विंडोज १० आणि ११ वरही चालतात. गाडी अडते ती बहुधा हार्डवेअरवर: जुन्या डेटा कार्डाला ६४ बिट ड्रायव्हर नसतो, आणि फार जुने १६ बिट इन्स्टॉलर ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत. अशी अडचण नसेल तर आधी जुनाच प्रोग्रॅम नव्या संगणकावर बसवून द्या. मग पोर्टिंगला, म्हणजे प्रोग्रॅम नव्या भाषेत नेण्याला, पुरेसा वेळ मिळतो.

मिळालेला सोर्स म्हणजे मशीनवर चालणाऱ्या एक्झीचाच (तयार प्रोग्रॅम फाइलचाच) सोर्स, असं धरून चालू नका. कंपाइल करून बाइट जुळवण्यात अर्थ नाही, कारण एक्झीत ती बनवल्याची वेळ नोंदलेली असते. वागणूक जुळवा. सिरियल केबलमधल्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही तारांवरचा डेटा वेगळ्या संगणकाने ऐकून वेळेसकट नोंदवा. नेहमीच्या चाचण्यांबरोबर मुद्दाम गडबडही करा: केबल काढा, मर्यादेबाहेरची किंमत भरा, चाचणी अर्ध्यात थांबवा. प्रत्येक वेळी जुन्या प्रोग्रॅमने काय पाठवलं, कोणती फाइल लिहिली, रिपोर्टात काय छापलं ते जपून ठेवा. हीच नोंद नंतर नव्या प्रोग्रॅमला ऐकवायची आणि रिपोर्ट ओळ न् ओळ ताडून बघायचे. कामाच्या करारातही हाच निकष लिहा, कारण 'आहे तसाच' या दोन शब्दांचा अर्थ तुम्ही एक घेता, ग्राहक दुसरा.

फरक कुठे सापडतील? सगळ्यात आधी राउंडिंगमध्ये. व्हीबी ६ चं सीइंट हे पूर्णांक करणारं फंक्शन अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. सी भाषेतलं राउंड २.५ चे ३ करतं. आणि व्हीबी ६ चंच फॉरमॅट फंक्शनही ३ देतं, म्हणजे एकाच जुन्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीनवर ३ दिसतात आणि तुलना २ शी होत असते. पास-नापास ठरवणारी ओळ यातल्या कोणत्या वाटेने जाते, ते प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं. यात घाई करू नका.

दुसरं, व्हीबी ६ चा इंटिजर (पूर्णांक) १६ बिटचा असतो. ३२,७६७ च्या पुढे गेला की एरर येते, पण वर कुठेतरी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) असेल तर ती ओळ गुपचूप गाळली जाते आणि व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत राहते. काउंटर ३२,७६७ वर अडलेला असताना कोणी तो रोज हाताने शून्य करत असेल, तर ते कोडमध्ये दिसणार नाही. ऑपरेटरला विचारल्यावरच कळेल. तिसरं, 'डिम ए(१०)' ने बनणाऱ्या ॲरेमध्ये (यादीत) सहसा ११ घरं असतात, ० ते १०. शेवटचं घर खरंच वापरलं जातं का, ते तपासा.

जुनी चूक सापडली तर परस्पर दुरुस्त करू नका. ग्राहकाचे जुने रिपोर्ट त्याच चुकीसह साठवलेले असतात. यादी करा, लेखी निर्णय घ्या.

प्रश्न : सी मधला प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवरून ६४ बिट एआरएम प्रोसेसरच्या लिनक्स पॅनेलवर नेला. बिनतक्रार कंपाइल झाला. पण उणे २ अंश तापमान २५४ दिसतं, आणि काही जुन्या रेसिपी फाइल्समध्ये नगसंख्या अफाट मोठी येते. सगळ्याच फाइल्समध्ये नाही.

उत्तर : पहिल्याचं कारण कॅर टाइप, म्हणजे सी मधला एका बाइटचा प्रकार. एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर) कंपाइलर साध्या कॅरला चिन्हासह धरतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. म्हणून उणे २ चे २५४ झाले. फाइल वाचताना एफगेटसीचं (एक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं) उत्तर कॅरमध्ये ठेवलं असेल तर ते ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) कधीच जुळणार नाही आणि लूप थांबणारच नाही. 'एफ-साइन्ड-कॅर' हा कंपाइलरचा पर्याय देऊन आजचा दिवस निभावता येईल, पण तयार लायब्रऱ्या त्याविना बनलेल्या असतात. संख्या ठेवायची तिथे इंट८_टी (चिन्हासह ८ बिट) लिहा आणि एफगेटसीसाठी पूर्ण इंट वापरा.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे. तुम्ही पाठवलेल्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र साठवलेल्या किमतींच्या गटात) २१ बाइटचं नाव, मग लाँग (नगसंख्येचा पूर्णांक), मग डबल (तापमानाचा दशांश आकडा) आहे. विंडोजवर नावानंतर ३ बाइट मोकळे सुटतात, लाँग २४ व्या बाइटपासून ४ बाइट घेतो, पुढचे ४ बाइट पुन्हा मोकळे, आणि डबल ३२ व्या बाइटपासून. एकूण ४०. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा होतो, २४ ते ३१ पूर्ण व्यापतो, डबल ३२ वरच राहतो. एकूण पुन्हा ४०! साइझऑफने केलेली आकाराची तपासणी पास होते, डबलमधलं तापमानही बरोबर येतं, फक्त नगसंख्येत जुन्या मोकळ्या ४ बाइटमधला कचरा मिसळतो. ज्या फाइलमध्ये ते बाइट योगायोगाने शून्य होते ती बरोबर वाचली जाते. तिथेही उणे ५ असेल तर ते ४,२९४,९६७,२९१ होतील.

स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये ओतणं सोडा. जुन्या फाइलसाठी वेगळा वाचक लिहा: २४ व्या बाइटपासून ४ बाइट उचलून इंट३२_टी मध्ये, ३२ पासून ८ बाइट उचलून डबलमध्ये. नवी फाइल लिहिताना सुरुवातीला आवृत्तीचा आकडा आणि शेवटी सीआरसी (चूक ओळखणारा तपासणीचा आकडा) ठेवा. स्ट्रक्टमध्ये तारीख ३२ बिट सेकंदांत साठवली असेल तर तीही आत्ताच ६४ बिट करा. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते, आणि कारखान्यातली यंत्रं तोवर सहज चालतात. डब्ल्यूकॅर_टी हा रुंद अक्षरांचा प्रकार विंडोजवर २ बाइटचा, लिनक्सवर ४ चा, हेही याच यादीत घाला.

प्रश्न : पॅनेल मॉडबस आरटीयूवर (सिरियल तारेवरून यंत्रांशी बोलण्याच्या पद्धतीवर) ६ मीटर वाचतं. एक मीटर बंद पडला की अख्खा स्क्रीन दोन-तीन सेकंद गोठतो. प्रोसेसर वाढवावा का?

उत्तर : प्रोसेसरचा इथे संबंध नाही. टाइमआउट १ सेकंद आणि प्रयत्न ३ असतील, तर मुका मीटर प्रत्येक फेरीत ३ सेकंद खातो. आणि वाचन स्क्रीनच्याच थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यात) होत असल्याने तेवढा वेळ स्क्रीनही थांबतो. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये न्या आणि किमती रांगेतून स्क्रीनकडे पाठवा. त्या थ्रेडने बटणं आणि आकडे थेट बदलू नयेत, नाहीतर गोठण्याऐवजी अधूनमधून क्रॅश मिळेल.

टाइमआउट हिशोबाने ठरवा. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटचं एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेतं. १० रजिस्टर (मीटरमधल्या २ बाइटच्या किमती) मागायला ८ बाइट, उत्तराला २५, म्हणजे ३३ अक्षरं, साधारण ३८ मिलिसेकंद. वर प्रत्येक फ्रेमआधीची साडेतीन अक्षरांची शांतता, सुमारे ४ मिलिसेकंद, आणि मीटरचा स्वतःचा विचाराचा वेळ, जो त्याच्या पुस्तिकेत असतो. तो वेळ लहान असेल तर २०० ते ३०० मिलिसेकंद पुरतात. सलग तीनदा उत्तर न देणारा मीटर दर फेरीत न विचारता दहा सेकंदांनी विचारा. एफटीडीआय चिपचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर असेल तर त्याचा लेटन्सी टायमर (डेटा पुढे पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो. तो १ करा.

आणि बंद मीटरची शेवटची किंमत ताजी असल्यासारखी दाखवत राहू नका. ती करडी करा, खाली वाचल्याची वेळ लिहा. शिळा आकडा बघून झडप उघडणाऱ्या माणसाचा दोष नसतो.

प्रश्न : डेस्कटॉपचा जुना स्क्रीन ७ इंची टच पॅनेलवर आणला. ऑपरेटर म्हणतात बटणं लागत नाहीत. शिवाय ग्राहकाला इमर्जन्सी स्टॉपचं बटणही स्क्रीनवर हवंय.

उत्तर : इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर नाही, म्हणजे नाहीच. तो तारेने जोडलेला, दाबल्यावर अडकून राहणारा खरा स्विच हवा. स्क्रीनवर फार तर त्याची स्थिती दाखवा. दाबून धरेपर्यंत यंत्र हलवणारं जॉगचं बटणही शक्यतो खरंच ठेवा. स्क्रीनवर द्यावंच लागलं तर बोट टेकलेलं असेतोवर दर १०० मिलिसेकंदांनी पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला) खूण पाठवा आणि खूण चुकली की पीएलसीनेच यंत्र थांबवावं. बोट उचलल्याची सूचना स्क्रीनकडून हरवू शकते.

आता मापं. ८०० बाय ४८० च्या ७ इंची पॅनेलवर एका मिलिमीटरला साधारण ५.२ पिक्सेल बसतात. माउससाठी केलेलं २४ पिक्सेलचं बटण तिथे साडेचार मिलिमीटर उरतं. हातमोजे घातलेल्या बोटाला १५ मिलिमीटर तरी द्या, म्हणजे ७८ पिक्सेल, आणि दोन बटणांमध्ये मोकळी जागा. इतकं मोठं केल्यावर सगळं एका स्क्रीनवर मावणार नाही, मावू नयेच. ऑपरेटर पाळीत दहादा वापरतो ती चार बटणं पुढे, बाकीची आत. माउस वर नेल्यावर दिसणाऱ्या सूचना, राइट क्लिक आणि डबल क्लिक यांच्यामागे काय काय दडलंय त्याची यादी करा, कारण ते सगळं टचवर नाहीसं होतं.

रंग जपून वापरा. करडी पार्श्वभूमी आणि बिघाडालाच भडक रंग, ही २०१५ च्या आयएसए-१०१ या ऑपरेटर स्क्रीनच्या मानकाशी जुळणारी पद्धत पाळीच्या आठव्या तासाला डोळ्यांना कळते. काही वीज केंद्रांमध्ये लाल म्हणजे चालू असतं, म्हणून रंगाबरोबर शब्द किंवा आकार हवाच.

प्रश्न : छोट्या मायक्रोकंट्रोलर पॅनेलवर देवनागरी अक्षरं तुटतात. फॉन्ट बदलून पाहिला.

उत्तर : फॉन्ट निर्दोष असू शकतो. 'स्थिती' मधली पहिली वेलांटी साठवलेली असते 'थ' च्या नंतर आणि दिसायला हवी 'स्थ' च्या आधी. ही मांडणी हार्फबझसारखी शेपिंग लायब्ररी करते आणि छोट्या ग्राफिक लायब्रऱ्यांमध्ये ती बऱ्याचदा नसते. मजकूर ठरलेला असेल तर संगणकावर नीट मांडून लेबलांची चित्रं बनवा आणि तीच पॅनेलमध्ये भरा. बदलता मजकूर हवा असेल तर लिनक्स पॅनेल घ्या. लेबलाची उंची रोमन अक्षरांवरून ठरवली असेल तर मात्रा आणि अनुस्वार वरून कापले जातात, तेही बघा.

प्रश्न : क्यूटी या इंटरफेस लायब्ररीत केलेला प्रोग्रॅम आमच्याकडे बरोबर चालतो. जर्मन भाषेच्या लिनक्स पॅनेलवर सेटिंग फाइलमधले १२.५ वाचून १२ होतात.

उत्तर : लिनक्सवर क्यूटी सुरू होताना सिस्टिमची लोकेल (भाषा आणि आकडे लिहिण्याची रीत) लागू करतं. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, त्यामुळे सीचं एटॉफ (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) टिंबापाशीच थांबतं, आणि प्रिंटएफ फाइलमध्ये १२,५ लिहितं. क्यूॲप्लिकेशन तयार झाल्याच्या पुढच्याच ओळीत सेटलोकेलने एलसी_न्यूमरिक 'सी' करा. त्याआधी लिहिल्या गेलेल्या फाइल्समध्ये स्वल्पविराम राहिलेले असतील; त्या एकदा वाचून दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम अपडेटबरोबरच पाठवा.