मॅडम, मला रोज पॅनिक अटॅक येतो

असं म्हणतच ती आत आली. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) हे पॅनिक आहे का नुसतं टेन्शन, असं मला इतके जण विचारतात की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

हार्ट, थायरॉइड सगळं डॉक्टरांनी तपासलेलं, नॉर्मल. ते आधी करायलाच हवं बरं का. मग मी तिला सांगितलं, आठवडाभर पॅनिक हा शब्दच वापरायचा नाही, जे होतं ते मराठीत लिहून आण.

वहीत काय होतं, तर मीटिंगआधी पोटात गोळा, मुलाचा फोन लागला नाही तेव्हा काळजात धस्स, दोन दिवस नुसती धास्ती की परत तसं झालं तर, आणि गुरुवारी रात्री शांत बसलेली असताना एकदम धडधड, घाम, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, वाटलं आता मी मरते. पाच-सात मिनिटांत टिपेला गेलं आणि अर्ध्या तासात ओसरलं. त्या आठवड्यात खरा अटॅक तेवढा गुरुवारचाच!

मूळ शब्द ग्रीकांच्या पॅन देवावरून आलाय, रानात एकट्या माणसाला उगाचच जी धडकी भरते ती त्याची करणी मानायचे. आपण मात्र चावी सापडली नाही तरी 'पॅनिक झालो' म्हणतो. बोलताना चालतं हो, पण अटॅक म्हणायला ठरलेल्या 13 पैकी किमान 4 लक्षणं एकदम उसळावी लागतात. आणि एखादा अटॅक म्हणजे पॅनिक डिसऑर्डर हा आजार नव्हे, अटॅक अवचित परतपरत यायला हवेत आणि त्यानंतर महिनाभर तरी पुढच्याची धास्ती किंवा त्यापायी वागणं बदललेलं हवं. तिचं तसंच झालं होतं, जिना चढणंसुद्धा बंद, का तर धडधड होते.

त्यात घरचे म्हणायचे मोठ्ठा श्वास घे, ही भराभरा घ्यायची, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मुंग्या, गरगरणं अजून वाढतं. मी म्हटलं घ्यायचं राहू दे, सोडताना सावकाश सोड.

आता डॉक्टरांना विचारून सेशनमध्ये आम्ही जागच्या जागी धावतो, मुद्दाम धडधड आणायला, म्हणजे नुसत्या धडधडीची भीती हळूहळू जाते. पहिल्या दिवशी 20 सेकंदांत थांबली आणि माझ्यावर चिडली. काल दीड मिनिट धावली, मीच आधी दमले.