वाचकांचे प्रश्न : वास्केझ रॉक्सला जाताय?

प्रश्न : सांगलीहून लॉस एंजेलिसला मुलीकडे आले आहे. वय 64, एक गुडघा अधूनमधून दुखतो. जावई इथून जवळच्या वास्केझ रॉक्सला, त्या तिरक्या खडकांच्या उद्यानात, नेणार म्हणतात. ते तिरके खडक चढावे लागतात का? आणि सापांचं काय?

उत्तर : चढावं लागत नाही, आणि तुम्ही चढूही नका. खडकांच्या पायथ्याशी वाळूच्या पायवाटा आहेत. त्यांवरून तास-दीड तास रमतगमत फिरलात तरी भरपूर बघून होतं. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचे हे थर सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे. पुढे भूकवचाच्या हालचालींनी ते तिरके झाले, आणि हा तिरकेपणा खालूनच चांगला कळतो.

फसगत होते ती मोठ्या खडकावर. एका बाजूने उतार इतका सोपा दिसतो की माणसं बोलता बोलता वर पोचतात. पलीकडे थेट कडा. खरी अडचण उतरताना येते. टाच टेकली की वालुकाश्माचे सुटे कण तिच्याखाली गडगडतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय इथे कामाची नाही. तो पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो, हा कोरडा असतानाही पाय सरकवतो. खडकात रुतलेला गोटा आधाराला धरला तर हातात येऊ शकतो. पावसानंतर दोन-तीन दिवस तर धडधाकट माणसानेही वर जाऊ नये, कारण कणांना धरून ठेवणारा थर भिजून कमजोर झालेला असतो.

साप म्हणाल तर रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीने खुळखुळा वाजवणारा विषारी साप, आहे, पण तो माणसाच्या मागे लागत नाही. वाटेच्या मधून चाला, फटीत हात घालू नका, बसण्याआधी दगडाची मागची बाजू बघा. खुळखुळा ऐकू आला तर जागीच थांबा, साप कुठे आहे ते बघा आणि मग सावकाश मागे सरका. चावलाच तर अंगठ्या-बांगड्या काढा, 911 ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करा. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं? प्राणी दिसतात का?

उत्तर : हिवाळ्यातल्या पावसानंतर, मार्च-एप्रिलमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38 अंशांच्या वर सहज जातो आणि सावली जवळजवळ नसतेच. गेलातच तर सकाळी लवकर जा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी ठेवा.

इथलं रान म्हणजे चॅपरल आणि वाळवंटी झुडपांची सरमिसळ : टणक, बारीक पानांची झुडपं, निळसर फळांचे जुनिपर, टोकदार पानांचा युक्का. त्याच्या पानाचं टोक सुईसारखं घुसतं, नातवंडांना लांब ठेवा. कोयोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) दिसली तर पहाटे किंवा तिन्हीसांजेला. दिवसा सरडे बघा. उन्हातल्या दगडावर फेन्स लिझर्ड जातीचा नर पुढच्या पायांवर जोर काढतो तेव्हा त्याच्या पोटाचा निळा रंग दिसतो. या सरड्याचं रक्त प्यायलेल्या गोचिडीतले लाइम रोगाचे (गोचीड चावून माणसाला होणारा आजार) जिवाणू मरतात. असा तो आपल्या उपयोगाचा, म्हणून त्याला मुलांनी पकडू नये एवढं जरूर सांगा.