पीव्हीएचं द्रावण खालून वर गोठवलं की तळाला दिशाहीन दाट थर आणि वर मोठी छिद्रं का येतात?

तुमचा प्रश्न असा आहे: ५% पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) पाण्यातलं द्रावण −२० अंश सेल्सिअसला स्थिर ठेवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर गोठवलं, फ्रीझ-ड्राय केलं (म्हणजे बर्फ न वितळवता निर्वातात थेट वाफ करून काढला), तर तळाच्या दोन-तीन मिमीत दिशाहीन दाट थर, मध्ये सुरेख पापुद्रे आणि वर छिद्रं बरीच रुंद. आणि डायऑक्सेन या सेंद्रिय द्रावकात विरघळवलेल्या पीएलएत (पॉलिलॅक्टिक अॅसिड, दुसरा पॉलिमर) असे पापुद्रे का दिसत नाहीत?

पीव्हीएला दोष देऊ नका, तळाचं तापमान स्थिर ठेवल्याने हे होतंय. गोठताना सुटणारी उष्णता आधीच तयार झालेल्या बर्फातूनच खाली जाते. बर्फ जाड होत गेला की वाट लांबते आणि बर्फ व द्रव यांच्यातली पुढे सरकणारी सीमा मंदावते. −२० च्या तळावर बर्फ १ मिमी असताना सीमेचा वेग सेकंदाला सुमारे १४० मायक्रोमीटर असतो, १० मिमीला तोच जेमतेम १४ उरतो. वेग जास्त तेवढे स्फटिक बारीक आणि जवळजवळ, वेग कमी तेवढे रुंद. म्हणजे तुमच्या नमुन्यात उंचीबरोबर वेगाचाच आलेख उमटलाय.

यावर उपाय म्हणजे तळ सतत थंड करत जाणं. सेकंदाला १० मायक्रोमीटर हवे असतील तर बर्फाच्या प्रत्येक मिमीमागे सुमारे १.४ अंशांचा फरक लागतो. २० मिमी उंचीसाठी हे २८ अंश, वेळ ३३ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ०.८–०.९ अंश उतार. द्रावणाची स्वतःची उष्णता आणि साच्याच्या तळाचा अडथळा या हिशेबात नाही, म्हणून मी मिनिटाला १ अंशापासून सुरुवात करेन. साचा टेफ्लॉनचा, भिंत निदान ५ मिमी जाड, तळ तेवढा तांब्याचा. भिंत धातूची असेल तर स्फटिक बाजूनेही आत घुसतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तळाच्या दिशाहीन थराचं कारण वेगळं आहे: अतिशीतन. स्वच्छ द्रावण शून्याखाली बरंच उतरूनही द्रवच राहतं, मग एकदम असंख्य बीजं फुटतात आणि बर्फ सगळ्या दिशांना धावतो. त्यांतले उष्णतेच्या दिशेने सोयीचे स्फटिक बाकीच्यांना मागे टाकेपर्यंत तो दाट थर बनतो. तांब्यावर आधी शुद्ध पाण्याचा अर्धा-एक मिमी थर गोठवा, ठोकळा −३ वर आणा आणि १–२ अंशांपर्यंत गार केलेलं द्रावण हलकेच ओता. सीमा तयार बर्फावरूनच पुढे सरकते. तरी तळाचे २ मिमी कापून टाकायची तयारी ठेवा. पापुद्रे उभे आले तरी आडव्या छेदात त्यांचे गट वेगवेगळ्या दिशांना वळलेले दिसतील, कारण तळाच्या पातळीत दिशा ठरवणारं काहीच नाही. तेही सरळ हवे असतील तर तांबं आणि द्रावण यांच्यामध्ये १०–१५ अंश कोनाच्या उताराची पीडीएमएसची (एक सिलिकोन रबर) पाचर ठेवा. पातळ बाजूने गोठणं आधी सुरू होतं आणि तापमानाचा दुसरा, आडवा उतार मिळतो.

पापुद्रे मुळात का? बर्फाचा स्फटिक षट्कोनी, तो आपल्या बैठकीच्या प्रतलात (षट्कोनाच्या सपाट पातळीत) भराभर वाढतो, त्याला काटकोनात फार हळू. पॉलिमर बर्फात शिरत नाही, सीमेपुढे साचतो, आणि तो हटतोही मंद: विसरण गुणांक (तो द्रवात किती भराभर पसरतो याचं माप) सेकंदाला १०⁻¹¹ चौ. मीटरच्या घरात धरला तर सेकंदाला १० मायक्रोमीटर वेगाला साचलेला थर जेमतेम १ मायक्रोमीटर जाड येतो. एवढ्याशा जाडीत गोठणबिंदू सीमेपुढे झपाट्याने बदलतो, सपाट सीमा टिकत नाही आणि तिला बोटं फुटतात. डायऑक्सेन (वितळणबिंदू ११.८ अंश) वेगळा वाढतो: मुख्य खोड आणि त्याला आडव्या फांद्या. म्हणून तिथे नळीसारखी छिद्रं आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या भिंती दिसतात. टर्शरी ब्युटेनॉल या आणखी एका द्रावकाचे लांब प्रिझम होतात. डायऑक्सेनमध्ये १३% पाणी मिसळलंत तर गोठण्याआधीच पीएलएचं द्रावण पॉलिमरने दाट आणि विरळ अशा दोन द्रवांत फुटू शकतं, मग स्फटिकाचा ठसा उमटत नाही, गोल कप्पे मिळतात. डायऑक्सेन कोरडा ठेवा, काम फ्यूम हूडमध्ये करा, आणि उघडून फार दिवस झालेल्या बाटलीत पेरॉक्साइड तपासल्याशिवाय ती वापरू नका.

तीव्रता वाढवताना जपून. १०% वर पीव्हीए इतकं घट्ट होतं की बुडबुडे सुटत नाहीत आणि प्रत्येक बुडबुडा पापुद्र्यांना वळवतो. पीव्हीए आधी थंड पाण्यात पसरवून मग ९०–९५ अंशांवर विरघळवा, ओतण्याआधी निर्वातात हवा काढा.

वाळवताना नमुना −२० च्या वर जाऊ देऊ नका, पहिले काही तास −३० ला ठेवलात तर आणखी बरं. बर्फ अर्धवट वितळला की भिंती एकमेकींना चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दोष गोठवण्यातला वाटतो. छेद घ्यायचा तर वाळलेला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा. ब्लेडने कापलात तर पापुद्रे दबतात.