मुलगा 16 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे. आमच्यानंतर त्याचं कसं होणार? तयारी आत्तापासून काय करावी? (इंदूर)

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान 51 वर्षांचे आहेत, मुलाची शाळा दोन वर्षांत संपेल, आणि एखाद्या संस्थेत आत्ताच नाव घालून ठेवावं का असा प्रश्न आहे. शेवटी एक ओळ आहे, "तशी मोठी मुलगी आहेच, ती बघेल." त्या ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले. आमच्या घरातली ती मोठी मुलगी मी.

माझा धाकटा भाऊ बापू. डाऊन सिंड्रोम. जन्म 1973 चा, रामबागेतल्या घरातला. तेव्हा डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं होतं की हा फार तर विशी गाठेल. म्हणून "आपल्यानंतर" हा विचार त्यांनी कधी केलाच नाही. आज बापूने पन्नाशी ओलांडली आहे आणि आईबाबा दोघंही नाहीत. आता औषधोपचार सुधारल्यामुळे यातली पुष्कळ मुलं साठीपर्यंत जगतात. तुमच्या मुलाचं निदान वेगळं असेल, पण हिशेब तोच ठेवा. तो साठीचा असेल तेव्हा तुम्ही कुठे असाल, तिथून मागे मोजत या.

आई 2017 मध्ये गेली. तेराव्यानंतर मी बापूला सुदामानगरला माझ्याकडे आणलं. त्याला थायरॉइड आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी असते. तो गोळी घेईना. हातात दिली तर फेकून द्यायचा, पोह्यांत लपवली तर नेमकी शोधून काढायचा. मला वाटलं, आईच्या दुःखाने करतोय. महिन्याभरात चेहरा सुजला, दिवसभर झोपून राहायला लागला. मग एक दिवस आईकडे काम करणाऱ्या बाई भेटायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "माताजी तो कटोरी में गोली रखके दस तक गिनवाती थीं, फिर खुद ही खा लेता था." छोटी स्टीलची वाटी, त्यात गोळी, बापू मोठ्याने एक ते दहा मोजणार आणि दहा म्हटलं की गोळी तोंडात. चाळीस वर्षं आई पहाटे साडेपाचला हे करत होती आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाटी आणली. त्याने दहापर्यंत मोजलं, गोळी घेतली आणि मग आईला हाक मारली.

म्हणून माझं पहिलं सांगणं कागदपत्रांचं नाही. एक जाड वही घ्या. तो काय खातो, कशाला घाबरतो, दुखलं की कसं सांगतो (बापू दात दुखला तरी "पोट" म्हणतो), कुठल्या शब्दाने शांत होतो, गोळ्या कोणत्या आणि कशा, झोपताना दिवा चालू की बंद, सगळं लिहा. त्याच्यासमोर बसून लिहा, त्याला विचारून लिहा. त्याला काय हवंय हे आपल्याला ठाऊक आहे असं आपण गृहीत धरतो. बापूला दुपारी घरी बसायचा कंटाळा येतो हे मला त्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, विचारल्यावर. आता तो रोज तीन तास ओळखीच्या नमकीनवाल्यांकडे शेवेच्या पाकिटांवर लेबलं चिकटवतो. पैसे थोडे मिळतात, पण शनिवारी तो स्वतः ते मोजून घेतो. शाळा अठराव्या वर्षी सुटते आणि पुढे दिवसभर काय, याचा विचार बहुतेक घरांत शाळा सुटल्यावर सुरू होतो. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत.

आता कागद. अठरा पूर्ण झाले की कायद्याने तुम्ही त्याच्या पालक राहत नाही, तो सज्ञान. बँक, मालमत्ता, पेन्शन, सगळीकडे हे आडवं येतं. राष्ट्रीय न्यास (अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) अधिनियम, 1999 प्रमाणे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. या समितीत कलेक्टर किंवा त्या दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पुष्कळ लोक मृत्युपत्रात "माझ्यानंतर अमुक याचा पालक" असं लिहून निर्धास्त होतात. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलासाठी ते चालतं, सज्ञान झालेल्यासाठी नुसतं तेवढं पुरत नाही. पालकत्व घेतलं म्हणजे त्याला विचारायचं नाही, असाही अर्थ नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, म्हणजे निर्णय त्याच्याशी बोलून, त्याची इच्छा धरून घ्यायचे.

यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर एक गोष्ट जिवंतपणी करून घ्या. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्याचं नाव पेन्शनच्या कागदांत आधीच नोंदवता येतं. बाबांनी ते केलं नव्हतं. आई गेल्यावर बापूची पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. "ते स्वतः येऊन सही का करत नाहीत" हे वाक्य मी त्या कार्यालयात किती वेळा ऐकलं याला गणती नाही, आणि दर वेळी बापू माझ्या शेजारी उभा होता.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि समग्र आयडीवरचं (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) नाव, जन्मतारीख, आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना घ्या, 1 लाखापर्यंत खर्च, थेरपीसुद्धा त्यात येते, वयाची अट नाही. घर थेट त्याच्या नावावर करायच्या आधी वकिलाशी ट्रस्टबद्दल (मालमत्ता त्याच्यासाठी दुसऱ्यांनी सांभाळायची कायदेशीर सोय) बोला, आणि पैसा सांभाळणारा व त्याला सांभाळणारा अशी दोन वेगळी माणसं ठेवता आली तर ठेवा. एकाच्या हातात दोन्ही असलं की भल्या माणसालाही जड जातं.

संस्थेचं विचारलंत. महाराष्ट्रात पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली कायमस्वरूपी घरं आहेत, बदलापूरची "आधार", डोंबिवलीच्या पालकांचं "घरकुल". राष्ट्रीय न्यासाची निवासाची योजनाही आहे, पूर्वीची "घरौंदा", आता "समर्थ-सह-घरौंदा". नुसतं नाव घालून येऊ नका, संध्याकाळी सहानंतर जा. रात्री किती माणसं असतात ते विचारा, न्हाणीघर बघा, तिथल्या मोठ्या वयाच्या मुलांशी बोला. आणि त्याआधी त्याला तुमच्यावाचून झोपायची सवय लावा. बापू आईशिवाय पहिली रात्र राहिला ती आई गेल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी. रात्रभर दाराशी चपला घालून बसला होता. तुम्ही महिन्यातून एक रात्र काकाकडे, मावशीकडे, देवासला, महूला, कुठेही पाठवा. पहिल्या दोन-तीन वेळा रडेल. तुम्हीही रडाल. तरी पाठवा.

आता तुमच्या मुलीबद्दल. मला कधी कुणी विचारलं नाही. माझ्या लग्नाच्या बोलण्यात आई पाहुण्यांना म्हणाली, "याचं पुढे हीच बघणार आहे," आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. बापू मला जड झालेला नाही. पण विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते आणि ते हो माझं असतं. तिला समोर बसवा, पेन्शन किती, कागद कुठे, वही कुठे, सगळं दाखवा आणि विचारा, यातलं तुला काय जमेल? कदाचित ती म्हणेल हिशेब मी बघते पण त्याला माझ्या घरी ठेवणं जमणार नाही. ते ऐकून घ्या, तिच्यावर रुसू नका. मग उरलेल्यासाठी माणसं शोधायला तुम्ही दोघं अजून धडधाकट आहात. भावाला त्या बोलण्यात बसू द्या. बापूसमोर मी आमच्या मुलांशी हे बोलले तेव्हा तो मध्येच म्हणाला, "मी ताईकडे. नंतर पिंट्याकडे. दिवा चालू." वहीत ते त्याच शब्दांत लिहून ठेवलंय, खाली त्याचा अंगठा आहे.